दस्तातली कोरी जागा

गुरुवारी सात ते नऊ. बेलापूर, सेक्टर पंधरा.
खाली पतसंस्था, वर आमचा वर्ग.
तिचं शटर पडलं की
माझा आवाज मला ऐकू येतो.

मार्चपासून चौघंच उरलीत.
गुरलीन, कळंबोलीची, तिला मिलानला जायचंय
खुर्च्या कशा घडवतात ते शिकायला.
अ‍ॅल्विन जहाजावर जाईल.
मोघेकाका तळोज्याच्या रंगाच्या कंपनीतून निवृत्त,
त्यांना कुठेच जायचं नाही.
आणि करावे गावची ऋचिता मढवी.
ती का येते, अजून कळलेलं नाही.

आजचा धडा होता: हॉटेलात खोली कशी मागावी.
मी फळ्यावर सातशे वर्षांपूर्वीचा एक शब्द लिहिला.
सालूते.

गुरलीन म्हणाली, हे तर शिंकल्यावर म्हणतात.
हो, आरोग्य. पण तेव्हाच्या कवितेत
ती रस्त्यानं जाताना जराशी मान लववते, ते सालूते,
आणि त्याचा जीव तरून जातो, तेही सालूते.
नमस्कार आणि मोक्ष
एकाच खोलीत भाड्यानं राहतात.
अ‍ॅल्विननं विचारलं, नुसत्या हायवर?
मोघेकाका खिडकीकडे बघत म्हणाले,
आपल्याकडे नाही का,
भेटला तर राम राम,
गेला तर राम म्हटला.

वीस वर्षं टिपणं काढतेय मी.
एकाही टिपणात हे नाही.

मग पुस्तक मिटलं, बोलोन्याचं सांगितलं.
तिथे करार सरकारी वहीत उतरवून घ्यायचे:
कुणी द्राक्षमळा विकला, कुणी कर्ज उचललं,
मुलीला हुंड्यात काय गेलं.
दोन नोंदींमधे कागद कोरा राहिला
तर उद्या कुणीही तिथे एक ओळ घुसडेल,
म्हणून लेखनिक ती जागा भरून टाकायचे,
प्रार्थनेनं, म्हणीनं, कधी कवितेनं.
खाली कवीचं नाव बहुधा नाहीच.
लबाडी होऊ नये
एवढ्या कारणासाठी वाचल्या त्या कविता.

एसी गळायला लागला. अ‍ॅल्विननं बादली सरकवली.

तेव्हा ऋचिता बोलली, पहिल्यांदाच, मराठीत.
माझा बापूस दस्त लिहितो, मॅडम, पनवेलला.
खरेदीखतात जागा उरली की रेघ मारतो,
पट्टी न घेता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आजोबांच्या कागदावर
कुणी मारली नव्हती.

एवढंच. बादलीत थेंब पडत राहिले.
मी ज्या फरशीवर उभी होते
तिच्याखाली कुणाचं भात पिकायचं
हे विचारायला मला धीर झाला नाही.
हॉटेलातली खोली राहिलीच.

पुढच्या गुरुवारी तिनं एक झेरॉक्स आणली,
खरेदीखताचा जुना नमुना,
लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा,
सगळीकडे नुसती टिंबं.
शेवटच्या कलमाखाली, जिथे रेघ यायची,
तिथे बारीक अक्षरात तीन ओळी इटालियनमधे.
दोन क्रियापदं चुकलेली. अर्थ साधारण असा:

खाडीचं पाणी वर आलं,
येणाऱ्यांपैकी कुणी नमस्कार केला नाही,
आम्ही घरातच आहोत.

मी लाल पेन उघडलं.
पहिलं क्रियापद दुरुस्त केलं.
दुसऱ्यात भूतकाळ हवा होता, होतो,
तिनं आहोत लिहिलेलं.
पेन बराच वेळ त्या शब्दावर धरून ठेवलं
आणि टोपण लावलं.

खाली बोटभर जागा उरली होती.
इथे रेघ मारा, मॅडम, ऋचिता म्हणाली.
पट्टी नव्हती.
तशीच मारली, वाकडी,
तिच्या शेपटाला मोघेकाकांनी
साक्षीदार म्हणून सही केली.