कोपऱ्यातला बेडूक

कित्वेला, बसतळाच्या मागे, चिलेशेच्या सलूनमध्ये
सकाळचं माझं पहिलं काम आरसे पुसायचं नव्हतं.
बा कपेंब्वांना चित्र सांगायचं होतं.

पेपर थेट चौथ्या पानावर उघडायचा.
"बातम्या रेडिओ देतो," ते म्हणायचे,
"पण चित्र त्यालाही दिसत नाही, माझ्यासारखंच."
त्यांचे डोळे भट्टीने नेले, एकोणऐंशी साली,
वितळत्या तांब्याचा एक शिंतोडा.
कंपनीने निरोपाला घड्याळ दिलं.
ते अजून मनगटावर आहे. बंद.

आधी मी उगाच सांगायचो:
एक मंत्री आहे, जाडा. एक माणूस आहे, बारीक.
"ते मलाही माहीत आहे. बूट सांग."
बूट?
"कुणाचे पुसलेत? सावली कुणाची लांब?
टेबलाखाली कोण आहे?
चित्रकार घाबरतो तेव्हा खरं टेबलाखाली ठेवतो."

एकदा मक्याच्या पिठाचं पोतं काढलं होतं,
तोंड शिवलेलं, बाजूने लोकांची रांग.
शिलाईच्या वर, बा, एक फट आहे.
"किती रुंद?"
घडी घातलेला कागद जाईल एवढी.
"म्हणजे मत आत जाणार, पीठ बाहेर येणार नाही,"
आणि ते इतके हसले की चिलेशेला
गिऱ्हाइकाच्या कानापासून वस्तरा उचलावा लागला.

आणि रोज, उजव्या कोपऱ्यात, चित्रकाराचा बेडूक.
कधी छत्री घेऊन, कधी पाठ करून.
"बेडूक काय म्हणतो?" हा शेवटचा प्रश्न.
बेडूक काहीच म्हणायचा नाही.
तरी ते विचारायचेच.

मतदान गुरुवारी. त्याआधीच्या सोमवारी
खुर्चीत वॉर्डाचा माणूस होता,
पक्षाचा शर्ट, हनुवटीला फेस.
आणि चित्रात नेमका न्हावी!
न्हावी म्हणजे यांचेच साहेब. खुर्चीत मतदार,
गळ्याभोवती टॉवेलऐवजी झेंडा,
आणि साहेबांचं चाललंय, बिनपाण्यानेच.

"सांग," बा म्हणाले.
चिलेशेने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

कोंबडी आहे, मी म्हणालो. अंड्यांवर बसलीय.
"किती अंडी?"
पाच.
"पायात काय?"
बूट, तोंडातून निघून गेलं.
"पुसलेले?"
चकचकीत.

वॉर्डाचा माणूस फेसातून हसला.
"कोंबडीला बूट! कुठला पेपर हा?"
मग हसणं मध्येच राहिलं,
आणि त्याने नवे बूट
हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

"आणि बेडूक?"
मी पाहिलं. बेडूक पाण्याचा मग घेऊन उभा होता,
कुणीच न मागितलेला.
आज बेडूक नाही, बा.
ते गप्प झाले. बंद घड्याळ कानाशी नेलं,
जसे ते विचार करताना नेतात.

तो पैसे देऊन गेल्यावर म्हणाले, "आता खरं."
मी सगळं सांगितलं. न्हावी, झेंडा, मग.
डोकं हलवत ऐकलं त्यांनी.
"छान आहे," म्हणाले. "पण कोंबडी बरी होती."

गुरुवारी मदतनीस म्हणून त्यांच्याबरोबर
पुठ्ठ्याच्या आडोशाला मी.
पाय दुखेपर्यंत रांग झाली होती,
कुणीतरी त्यांच्यासाठी उलटी बादली दिली होती बसायला.
मतपत्रिकेवर चित्रंच चित्रं.
"सांग."
शिडी. ढोल. कणीस. एक किल्ली.
"शिडी कशाला टेकलीय?"
कशालाच नाही, बा.
"ढोल कोण वाजवतंय?"
कुणीच नाही.

त्यांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं,
अंधारात दाराची कडी शोधावी तसं.
"इथे काय आहे?"
काही नाही. कोरं.

"हं," ते म्हणाले. "पेन दे.
आणि जरा तिकडे बघ."