ओहोटी पाच बावन्नला

आमच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला
दोन कोष्टकं टांगलीत.
वरचं हर्षालीच्या ड्युटीचं, मेट्रनच्या मर्जीनं बदलणारं.
खालचं भरती-ओहोटीचं, रोज पाऊण तास पुढं सरकणारं.
दोन्ही एकत्र वाचली की कळतं
मंगळवारी आम्ही एकमेकांना दिसणार की नाही.

मी निघतो तेव्हा ती रात्रपाळीवरून यायची असते.
ओट्यावर चिठ्ठी ठेवतो:
भात झाकलाय. हिरव्या झाकणाच्या डब्याला हात लावू नकोस.

हिरव्या झाकणाच्या डब्यात माझं तिसरं प्रकरण असतं,
बेचाळीस तिसऱ्या, खाडीच्या दक्षिण काठावरच्या.
एकदा तिनं त्यांचं सुकं केलं,
ओलं खोबरं, दोन आमसुलं.
मला अर्ध्यात कळलं.
मग आम्ही ताटातली शिंपलं धुतली
आणि निदान लांबी तरी नोंदवली,
ती व्हर्नियर धरायची, मी आकडे लिहायचो,
वहीच्या त्या पानाला अजून हळदीचा डाग आहे.

फेलोशिप पाच महिने आलेली नाही.
भाडं ती देते.
खालच्या बागकरकाकी दळण घेऊन जाता जाता विचारतात,
"काय रे, अजून शाळा सुटली नाय?"
आणि मग, आवाज जरा उतरवून, पाळण्याचं.
मी म्हणतो, प्रबंध सादर झाला की.
त्यांना वाटतं, प्रबंध म्हणजे काहीतरी व्रत.

तिचे पांढरे कोट मी धुतो, नीळ घालून.
माझ्या चिखलाच्या पँटी वेगळ्या बादलीत.
लग्नात आम्ही सात पावलं चाललो,
पण खरा करार हा बादल्यांचा.

जेटीवर इब्राहिममामू जाळं शिवत बसलेला असतो.
"बाया टोपली भरून नेतात,
तू वीस काढतोस, मोजतोस, परत टाकतोस.
हा कसला धंदा?"
मी हसतो. सरांनीही समासात
जवळपास हेच लिहिलंय, लाल शाईनं.

परवा रविवारी ती हॉस्पिटलातून थेट जेटीवर आली.
म्हणाली, घरी जाऊन काय, तू तिथं नसणारच.
डोळे तांबारलेले, केसांना स्पिरिटचा वास.
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून
ती चिखलात उतरली, माझ्या मागोमाग,
मी पाय ठेवला तिथंच पाय ठेवत.

मी चौकट टाकली. चाळलं. पाच, मी म्हटलं.
थांब, ती म्हणाली,
आणि चाळणीतून खाली पडलेल्या गाळात
दोन बोटं फिरवू लागली,
छातीवरच्या घड्याळाकडं बघत नाडी मोजते, तशी,
ओठ किंचित हलत.
सात, ती म्हणाली.
तळव्यावर दोन होत्या,
तांदळाच्या कणीएवढ्या, पारदर्शक,
मिटायचंसुद्धा अजून नीट न जमलेल्या.

"लहानांना आधी मोजायचं असतं," ती म्हणाली,
"आमच्या वॉर्डात तरी."

मी पाण्यात बघत राहिलो.
दोन वर्षं. एकशे चार फेऱ्या.
प्रत्येक चौकटीतून खाली गळालेल्या या दोन,
किंवा तीन, किंवा एकही नाही,
आता कोण सांगणार?
सरांना काय लिहू?
तक्त्यांखाली तळटीप द्यावी, की सगळं पुन्हा,
आणखी एक वर्ष, आणखी बारा भाडी तिच्या पगारातून?

तिनं त्या दोघींना पाण्यात सोडलं.
पलीकडं धोपाव्याहून फेरी सुटली, भोंगा वाजला,
काठावर पाणी चढायला लागलं होतं.
परत जाताना ती जेटीच्या बाकावर बसली
आणि बसल्या बसल्या झोपली,
पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडत गेला.

मामूनं सुई थांबवली,
नुसतं तिच्याकडं बघून आवाज न करता मान हलवली.

मी वही उघडली.
'मोजणी' या रकान्यात दोन वर्षं माझंच नाव आहे.
त्याच्याखाली लिहिलं: सात. ह.
मग उद्याची वेळ पाहिली,
सहा अडतीस.
तिची उद्या दिवसपाळी.