नखातला हिरवा

विजापूरची एसटी चुकली
म्हणून साखर पेठेमागची ही बोळ.
दुपारचे दोन, चपलेखाली डांबर मऊ.

एक घर जांभळं, एक हळदी,
पुढच्यावर चादरीतला मोर
जसाच्या तसा, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांचा,
भिंतच मागावरून उतरल्यासारखी.
विजेच्या मीटरपाशी पिसारा
थोडा अंग चोरून गेलेला.

मी फोन वर धरला.
शेजारच्या उंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या बाई म्हणाल्या,
"थांबा, सूप बाजूला घेते."
घेतलं नाही.

त्यांचं घर नुसतं हिरवं.
ना पान, ना पक्षी.
मी विचारलं नव्हतं.

"पोरं डबे घेऊन आली, कुठला रंग म्हणाली.
म्हटलं, आमच्या मालकांच्या नखातला.
तीस वर्षं रंगाईत होते.
साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं.
शेवटची आंघोळ घातली
तेव्हाही होता."

मग आत कुणाला तरी तेलुगूत हाक,
आणि पुन्हा माझ्याकडे:
"चारदा मिसळला पोरांनी.
तरी जरा फिकाच आलाय."

पाचची गाडी मिळाली.
फोनमध्ये जांभळं आहे, हळदी आहे.
हिरव्याचा काढायचं सुचलंच नाही.
मोराच्या फोटोत खाली, कोपऱ्यात,
अर्धं सूप आलंय
आणि दोरा गुंडाळणारी दोन बोटं.