कूलरचं गवत

मेडिकलच्या ओपीडीत माझा नंबर त्रेचाळीस.
बाहेर पाराही त्रेचाळीसवर,
पण हे सांगायला
डॉक्टरांच्या टेबलावर जागा नव्हती.
झोप? येते.
जेवण? होतं.
वाईट विचार?
मी पेपरवेटकडे पाहत राहिलो,
त्यांनी त्याचं 'नाही' करून घेतलं.
वाईट नव्हते ते. तरुण होते, डोळे लाल,
दाराशी अजून साठ माणसं
आपापल्या फायलीनं वारा घेत.
'हेच चालू ठेवा,' म्हणाले.

ठेवलं चालू.
खोटं कशाला बोलू, गोळीनं केलं तिचं काम.
तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी
ब्रश हातात धरून मी नुसता उभा राहिलो नाही,
दात घासले.
पायाखाली फरशी आली.
पण नुसत्या फरशीवर
माणूस किती वेळ उभा राहील?

वनमाला कॅलेंडरवर गोळ्यांचा हिशेब ठेवते,
दुधाच्या खाड्यांशेजारी.
'घेतली?'
'घेतली.'
दिवसाचं बोलणं आमच्यात एवढंच उरलेलं.

मे लागला. कूलर गरम वाफा फेकू लागला
तेव्हा मानेवाड्याहून निखाडे आला,
सायकलला नव्या गवताचं बोचकं.
जुनं गवत निघता निघेना,
क्षारानं दगड झालेलं, त्यात एक वाळलेली पाल.
हात धुवायला आत आला,
खिडकीतली स्ट्रिप पालथी करून नाव वाचलं.
'मी बी हेच घेतो. अर्धी. तुमची पुरी हाय का?'
जसं कोणी विचारावं,
तुमच्याकडे नळ किती वाजता येतो.

पुरी, म्हटलं.
आणि वनमाला बाजारात होती म्हणून,
की पंप गुरगुरत होता म्हणून,
मी त्याला मार्चमधली ती रात्र सांगितली.
अंबाझरीचा बांध.
शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या चपला.

'असा विचार नाही करू,' तो म्हणाला नाही.
देवाचं नाव घेतलं नाही.
पेचकस खाली ठेवला फक्त.
'मंग वापस काहून आले?'

कुत्रं, म्हटलं. डावी घेऊन पळालं.
मी उजवी पायात सरकवून त्याच्यामागे,
पार सुभाषनगरपर्यंत.
'भेटली?'
'नाही.'
'नवी होती का?'
'दिवाळीची.'
'अरारा!'
त्याला खरंच चपलेचं वाईट वाटलं
आणि मला हसू फुटलं.
कोणाचा आवाज हा,
म्हणून मीच दाराकडे पाहिलं.

निखाडे नंतरही येत राहिला,
कधी बेअरिंग, कधी काहीच नाही.
एकदा उत्साहात विचारलं, आता सोडू का गोळी?
भडकला. 'पागल झाले का?'
मग जीभ चावून, हळू आवाजात:
'म्या सोडली होती दसऱ्याले.
संक्रांतीवरी पोरीले उचलून नाही घेतलं.
डॉक्टरले इचाराचं ते. अन् चपलेचं बी सांगाचं त्याइले.'

पुढच्या गुरुवारी नंबर एकसष्ट.
झोप? येते.
जेवण?
'सर,' म्हटलं, 'माझी एक चप्पल हरवली आहे.'
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
बाहेर कोणीतरी करवादलं, किती वेळ लावून राहिले!

उजवी अजून आहे.
दारामागच्या रॅकवर, खालच्या फळीवर, एकटी.
वनमाला दर रविवारी तिची धूळ झटकते,
जागच्या जागी ठेवते.
दुसरी कुठे, तिनं कधी विचारलं नाही.
मला वाटायचं, तिच्या लक्षात आलं नसेल.

आज लाइट लवकर आली.
ओल्या गवताचा वास खोलीभर.
ती कॅलेंडरपाशी, हातात पेन्सिल.
'घेतली?'

'घेतली,' म्हटलं.
'बस जरा.'