शिडीची वही

शिडी आमच्या बलकावाच्या मागच्या भिंतीला टेकून असते,
म्हणून वहीही माझ्याकडे.
अ‍ॅल्युमिनियमची, बारा पायऱ्यांची,
म्हापशाच्या दुकानात तिघांनी घासाघीस करून आणलेली.
टेम्पोत मावेना, तेव्हा मागच्या टोकाला लाल फडके बांधले
इनासिनाच्या रांधणीतले. ते अजून तिला परत मिळायचे आहे.

मधला वाडा नागरिक समिती. घरे त्रेचाळीस.
वर्गणी महिना वीस रुपये, देणारे एकवीस.
उरलेले विचारतात, समिती करते काय?
खरे आहे, नाव घेण्यासारखे काही नाही.
गटाराची झाकणे. टँकर आधी कोणाच्या दारी, हे भांडण.
डेंगीच्या दिवसांत उताण्या करवंट्या पालथ्या घालत हिंडणे,
आणि दर ग्रामसभेला मागच्या ग्रामसभेचाच अर्ज,
तारीख तेवढी नवी.

पण वही वाचा.
'खुरसाला चुना, लादाईन आहे. – इनासिना फुर्तादो.'
'माटोळी. – चौदा घरे, प्रत्येकी अर्धा तास, कृपया वेळ पाळावी.'
'टाकी धुणे. – हनीफ बेपारी.'
'मांजर, फणसावर.' नाव नाही, नुसता घर क्रमांक.
'खांब पाच, बल्ब. – रोहिदास.'
'खांब दोन, बल्ब. – रोहिदास.'
पानेच्या पाने रोहिदास.

समितीचा अध्यक्ष. वीज खात्याची माणसे
'बघतो' म्हणाली की हाच चढायचा.
खाली शिडी धरून मी, दातांत टॉर्च.
वरून म्हणायचा, "बाई, इथून सगळी छपरे दिसतात.
कोणाचे कुठे गळते, ते इथूनच कळते."

मग पंचायतीची निवडणूक आली.
वहीत त्याच्याच अक्षरात: 'एक दिवस. समाजकार्य.'
दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही खांबांवर तो, हात जोडून,
आणि आम्ही खाली, माना वर करून.
मते दिली. आपला माणूस.
नऊ मतांनी आला. उपसरपंचही झाला.
माझ्या दारी पेढ्यांचा बॉक्स आला,
शिडी नाही.

पाच नंबरचा बल्ब गेला. अर्ज मी लिहिला,
त्यानेच शिकवलेल्या भाषेत:
'तरी आपण त्वरित लक्ष घालावे, ही नम्र विनंती.'
ग्रामसभेत तो माईकवर म्हणाला,
"विषय विचाराधीन आहे."
आवाज चांगला लागला होता. टाळ्याही वाजल्या.
मीही वाजवल्या असाव्यात, सवयीने.

त्याच अंधारात इनासिना पडली. मनगट.
प्लास्टर सुकले त्या संध्याकाळी दारात येऊन म्हणाली, चल.
पदेर फेरीवर होता, पोंपों करीत
गंमत बघायला आमच्या मागोमाग आला.
रोहिदासच्या गॅरेजमागे शिडी आडवी पडलेली,
तिच्यावर त्याच्याच जुन्या फलकांची चळत.
हात जोडलेले सहा-सात एकेक करून बाजूला ठेवले,
पालथे, पावसाचे पाणी साचू नये म्हणून.
एक टोक मी, एक टोक तिचा चांगला हात,
मधला भार पदेराच्या सायकलवर, पावांच्या टोपलीला टेकून.
सातवी पायरी नव्हती.

वहीत लिहिले: 'परत. पायऱ्या अकरा.'

चवथीच्या आदल्या दिवशी तो आला,
गाडी लांब ठेवून, पायी.
माटोळी बांधायची होती. आईने पाठवले असणार.
मी वही पुढे केली. नाव लिहिले,
नावापुढे 'उपसरपंच'.
म्हटले, इथे हुद्द्याला रकाना नाही,
घर क्रमांक घाल.
त्याने घातला.
आणि वर्गणी, म्हटले, आठ महिन्यांची.
खिसे चाचपले. सुट्टे नव्हते. उद्या देतो म्हणाला.

शिडी खांद्यावर घेऊन तो फाटकाबाहेर पडला,
तेव्हा मागून सांगितले,
सातवी नाही, जपून.
माहीत आहे, म्हणाला,
मागे न बघता.