कोरी कार्डं

दासरींच्या कारखान्यात, अक्कलकोट रोडला,
नव्या जॅकार्डचा जुनाच संगणक
देवाच्या फोटोखालच्या फळीवर,
कळफलकावर सुताची लव.
मी पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू केला
आणि बसले.
चाळीस मिनिटं.

तीन जीबीची एकच फाईल,
ठाणासारखी घट्ट गुंडाळलेली:
वरती माझी स्क्रिप्ट, दोन-तीन पानं,
खाली सगळ्या मागांचं सगळं,
सोलापुरात आहेत त्यांचं, आणि कुणी अजून घेतलेच नाहीत त्यांचंही.
दासरींना हवा होता मधला एक तुकडा.
तो कुठे सुरू होतो ते मला ठाऊक होतं,
आकडा मीच लिहिला होता.
फक्त तिथून उचलताना
मी एकेक बाईट उचलत होते.
एक घ्यायचा, एक ठेवायचा,
पुन्हा दारात उभं राहून मागायचं, पुढचा द्या,
साठ कोटी वेळा.
तांदूळ निवडताना निदान
खडे तरी सापडतात.

सायन्ना एमूल स्टूल ओढून शेजारी बसले.
एकोणतीस वर्षं कार्डं पंच केलेला माणूस,
आता पुठ्ठ्याची कार्डं कुणाला नकोत,
म्हणून गेटच्या किल्ल्या सांभाळतात.
भावाची गोष्ट सांगत होते,
जो डिझाईनची पेटी घेऊन सुरतेला गेला तो.
सांगता सांगता पडद्याकडे बघून थांबले.
"एकेक मोजायलीस काय गं?"
हो, म्हटलं, तसंच.

काही बोलले नाहीत. माळ्यावर चढले,
सुतळीत ओवलेली माळ खांद्यावर घेऊन उतरले,
मोराची चादर, दोन हजार तीनशे कार्डं.
"मधी काही तुटलं, की तुरा कुठं हाय
ते हुडकाया लागतंय.
पहिल्यापासनं मोजत बसलं तर पाळी संपती.
म्हणून शंभराला एक लाल दोरा.
दोरे सोडत जायचं, मग उरलेली चार-सात मोजायची."

आणि ही?
मोराच्या आधी काही कार्डं कोरी होती,
एकही भोक नाही.
"ती भरती. मोर दोऱ्यापासनंच सुरू व्हावा म्हणून.
चार-सात तरी कशाला मोजायची?
बोटभर जमीन साधी येती. कोण बघतंय."

त्या रात्री भद्रावती पेठेत, गच्चीवर,
लाईट गेलेली, बॅटरी एकतीस टक्के,
मी स्क्रिप्टच्या शेवटी कोऱ्या ओळी ओतल्या,
तुकडा नेमका ब्लॉकच्या उंबऱ्यावर यावा इतक्या.
मग मोठे मोठे ब्लॉक सोडायचे, मोठे मोठे उचलायचे,
शेवटचं शेपूट तेवढं वेगळं.
बेरीज ताडून पाहिली. जुळली नाही.
एकाने चुकले होते,
शून्यापासून मोजायचं की एकापासून,
हे मी दहा वर्षांत दरवेळी विसरते.
खालच्या गल्लीत कुणाचा तरी माग
इन्व्हर्टरवर चालला होता, रडतखडत.
दुसऱ्यांदा जुळली.

सोमवारी दासरींकडे: अकरा सेकंद.
शेठनी चहा सांगितला, तो यायच्या आत झालं.
सायन्ना स्टूल घेऊन दारात पोचले तेव्हा
पडद्यावर 'पूर्ण' असं आलेलं.
"एंदुकु अंत तोंदरा," म्हणाले, एवढी कसली घाई,
पण हसले, आणि स्टूल हातातच राहिलं.

मी पेन ड्राइव्ह काढून पिशवीत टाकला.
मग म्हटलं, बसा की. भावाचं अर्धंच राहिलं होतं.
कुठवर आलो होतो,
ते त्यांनाही आठवेना, मलाही नाही.
तिथे कुणी लाल दोरा बांधला नव्हता.

"मग पहिल्यापासनं," सायन्ना म्हणाले,
आणि स्टूल टेकवलं.