चौदा किलो दोनशे

मंगळवार पेठ, जुन्या बाजाराच्या मागची गल्ली,
खोली दहा बाय चौदा.
आगीला पाच दिवस झालेत, वास अजून ओला.
मी बूट बदलते, मास्क चढवते
आणि दाराशीच थांबते.
आधी भिंत वाचायची. माणूस नंतर.

काजळीचं शेपूट निमुळतं होत
मीटरच्या पेटीपाशी संपलंय.
वायरीच्या टोकाला तांब्याचा मणी, मोहरीएवढा :
वीज चालू असताना तुटलेली वायर.
रॉकेल नाही, वैर नाही, उदबत्तीसुद्धा नाही.
दायित्व मान्य.
इथवर सोपं.

दिगंबर अवघडे, वय एकसष्ट, बँडमास्तर,
उलट्या घमेल्यावर बसून माझ्या टॉर्चच्या मागे मागे बघतात.
क्लेममध्ये वाद्यं अकरा.
सहा ट्रंपेट, तीन युफोनियम, दोन ट्रॉम्बोन.
ताशे वेगळे, लाल कोट वेगळे.
कोटांची नुसती बटणं उरलीत.
मी मोजली, दोनशे चार.

रद्दीवाल्याकडून काटा आणवला.
पितळ वाकतं, वितळतं, ओळख देत नाही,
पण वजन घेऊन पळत नाही.
अकरांचं एकवीस किलो तरी भरायला हवं.
काटा चौदा किलो दोनशेवर थांबला.
मी पुन्हा लावला.
‘मॅडम, राख पण धरा की,’ अवघडे म्हणाले,
हसले,
आणि मग कितीतरी वेळ घमेल्यावरून उठलेच नाहीत.

रविवारी बाजारात गेले.
डायरीत ‘चौकशीकामी’ असं लिहिलंय.
मिक्सरची भांडी, एकाच पायाचे बूट, काटे नसलेली घड्याळं
आणि गोणपाटावर एक ट्रंपेट,
नळीवर खिळ्यानं कोरलेलं : दि. अ. ३.
पट्टी शेजारी ठेवून फोटो काढला.
विकणाऱ्याला तारीख आठवेना, भाव आठवत होता.
‘लग्नं पन्नास माणसांत उरकायची ना, त्या साली.
चार नग आणले होते म्हातारबांनी.
हा एकच राहिलाय. घेताय का?’

चार नि सात अकरा.
हिशोब इतका सरळ लागला की आमच्यात साहेब खूश होतात :
खोटी यादी, कलम आठ, अख्खा क्लेम नामंजूर.
जेवताना मी ते वाक्य मनात दोनदा लिहिलं.
चांगलं जमलं होतं.

मग हात धुऊन जुन्या पॉलिसी काढल्या.
पाच वर्षं तीच यादी, तेच अकरा,
आणि पाचही वर्षं युफोनियमच्या जागी ‘युफोमियन’.
क्लेमच्या फॉर्मवरही ‘युफोमियन’.
अवघडे तर त्याला इफोनी म्हणतात.
अक्षर एजंट फडतऱ्यांचं. सही तेवढी अवघड्यांची,
रकान्याबाहेर गेलेली.

त्यांना ठाऊक होतं का?
‘राख धरा’ म्हणाले तेव्हा होतं.
सही करताना?
याला वजन नसतं.

लिहिलं : दाखवलेली अकरा, सिद्ध झालेली सात.
चार वाद्यं आगीपूर्वीच जागेवर नव्हती.
यादी जुन्या पॉलिसीवरून उतरवलेली;
शुद्धलेखनाची चूक पाहावी, परिशिष्ट ग.
‘हेतू’ हा शब्द लिहिला, खोडला,
पुन्हा लिहिला, ‘आढळला नाही’च्या आधी.
साहेब विचारतील. विचारू देत.

घसारा वजा.
भंगार वजा, चौदा किलो दोनशे, चालू भावानं.

संध्याकाळी फोन आला.
‘ते पितळ मलाच राहील ना?’
राहील, म्हटलं, तेवढे पैसे कापून जातील.
‘कापा. एक तोंडाकडची वाटी धड निघालीय.
ऐकवू?’
आणि काही म्हणायच्या आत
कानात भुर्रर्र असं काहीतरी,
सूर नव्हे, नुसते ओठ.
मग पलीकडे खोकला. मग लाईन गेली.

रिक्षाचे एकशे चाळीस, काट्याचे साठ.
पावत्या सोबत जोडल्या आहेत.